उतार कोणाच्या नावावर?

हाँगकाँगच्या रस्त्यांवर भूतंत्र अभियंत्याची नजर उंच इमारतींआधी लहानशा पाट्यांवर खिळते. कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या दगडी भिंतीवर एक नोंदणी क्रमांक लावलेला असतो. आधी नकाशाच्या पत्रकाचा आकडा, मग अक्षर: खोदलेल्या उताराला सी, भरावाला एफ, संरक्षक भिंतीला आर. अशा सुमारे 60,000 मानवनिर्मित उतारांची आणि भिंतींची तिथे नोंद आहे.

ही शिस्त हौसेने आलेली नाही. जून 1972 मध्ये तीन दिवसांत 650 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला आणि 18 तारखेला साउ माउ पिंग येथे भराव घसरून 71 माणसे गेली. त्याच दिवशी पो शान रोडवर सुटलेल्या डोंगराने बारा मजली इमारत आडवी केली; तिथे 67 बळी. ऑगस्ट 1976 मध्ये साउ माउ पिंगलाच पुन्हा भराव कोसळला, आणखी 18 जण दगावले. माती नुसती वरून ओतलेली होती, दबाई जवळजवळ नव्हतीच. पाणी शिरताच ती चिखल होऊन वाहिली. कोणत्याही पदविकाधारकाला कळावी अशी ही चूक.

1977 मध्ये तिथे स्वतंत्र भूतंत्र कार्यालय उभे राहिले. नव्या खोदकामांचे आराखडे तपासणे, जुने उतार मजबूत करणे, पर्जन्यमापकांवरून दरडीचा इशारा देणे ही कामे त्याच्याकडे आली.

तरीही 1994 च्या जुलैमध्ये क्वून लुंग लाउ वसाहतीतली जुनी दगडी भिंत ढासळली आणि पाच जण गेले. पुरलेल्या वाहिन्यांची गळती हे त्यामागचे एक कारण निघाले. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हे इथे अक्षरशः खरे ठरले. त्यानंतरच्या काही वर्षांत साऱ्या उतारांची नव्याने मोजदाद झाली आणि क्रमांकापुढे देखभाल कोणी करायची तेही लिहिले गेले: अमुक सरकारी खाते किंवा तमुक खासगी मालक. ही माहिती खुली आहे. घर घेणाऱ्याला आपल्या वाट्याला कोणता उतार येतो ते आधीच पाहता येते. वर्षातून एकदा साधी पाहणी, पाच वर्षांतून एकदा अभियंत्याची तपासणी असा तिथला दंडक आहे. खासगी उतार धोक्याचा ठरला की मालकाच्या हाती कायदेशीर आदेश पडतो. 2010 पर्यंत जुन्या मानवनिर्मित उतारांची जोखीम 1977 च्या एक चतुर्थांशावर आल्याचा कार्यालयाचा हिशेब आहे.

त्या शहराकडे पैसा आहे, हे मान्य. उतारात सळ्या रोवून तो बांधण्याला, म्हणजे सॉइल नेलिंगला, पैसा लागतोच. पण उताराला क्रमांक देऊन त्यापुढे नाव लिहायला किती लागतो?

आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशे 1:50,000 प्रमाणात केले आहेत. प्रादेशिक नियोजनाला ते उपयोगाचेच. मात्र त्या प्रमाणात जमिनीवरचे 50 मीटर कागदावर एक मिलिमीटर होतात. चाळीमागचा अख्खा कापलेला उतार पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जातो. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरडीखाली साठाहून अधिक माणसे गेली. धोक्याचे मोजमाप अशा ठिकाणी एकेका उताराचेच करावे लागते. मुंबईतल्या टेकड्यांची जमीन कुठे जिल्हाधिकाऱ्यांची, कुठे पालिकेची, कुठे वन खात्याची, तर वस्तीतली भिंत बांधणारे मंडळ निराळेच. संरक्षक भिंतीतली पाणी निघून जाण्याची छिद्रे (वीप होल) गाळाने बुजली की मागचे पाणी भिंतीवरच रेटा देऊ लागते. ती मोकळी करायची कोणी, यावर मग पत्रव्यवहार चालू राहतो.

भूतंत्र अभियंत्यांना यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. या हंगामात सोपवल्या जाणाऱ्या प्रत्येक भिंतीच्या अंतिम आराखड्यावर दोन रकाने वाढवता येतील: उताराचा क्रमांक आणि देखभाल करणाऱ्याचा हुद्दा. दुसरा रकाना कोरा असेल, तर सही करण्याआधी तो कोरा का आहे एवढे विचारावे.