पगार पुण्याचा, हिशेब फोंड्याचा

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन खाली उतरलेला संगणक अभियंता फोंड्याच्या बसस्थानकावर चौकशी करतो ती पुण्याच्या गाडीची! पुण्याचा पगार मोठा, एवढेच त्याला ठाऊक असते. त्याच्या आईबापांनी एकदा कागद-पेन्सिल हाती घ्यावी.

समजा, पुण्यात महिना 50,000 रुपये मिळाले व येथे 30,000. पुण्यात खोलीभाडे 14,000, जेवणखाण 8,000, रोजचे जाणेयेणे 4,000 आणि चतुर्थी-शिगम्याच्या खेपांपायी 3,000 गेले, तर उरले 21,000. येथे आपल्या घरी राहून 9,000 खर्चणाऱ्याच्या हातीही तेवढेच उरतात!

याच हिशेबावर बोट ठेवून मालक म्हणतात, गोवा स्वस्त आहे, थोडक्यात समाधान माना. हा शुद्ध कांगावा आहे. बापाने बांधलेले घर ही मुलाची मिळकत. मालकाची सवलत नव्हे. ज्याला येथे घर नाही त्याने काय करावे? केंद्र सरकारच्या नोकरांचा घरभाडे भत्ता 2024 साली पुण्यासारख्या महानगरांत 30 टक्के, मध्यम शहरांत 20 व लहान गावांत 10 टक्के झाला. त्यात गोव्याला खास आदेशाने मधला दर आहे. दिल्लीला दिसणारी महागाई येथल्या मालकांना दिसू नये काय?

शिवाय पहिल्या वर्षी जुळलेला हिशेब पाचव्या वर्षी जुळत नाही. हिंजवडीत एका दाराशी वेतन अडले तर शेजारी दुसरे दार आहे. फोंड्यात ते दुसरे दारच नाही. खरी तफावत ही आहे. 2016 च्या नोव्हेंबरात मोपा विमानतळ आणि तुये येथील इलेक्ट्रॉनिक नगरी यांच्या कोनशिला एकाच दिवशी बसल्या. मोप्याहून 2023 च्या जानेवारीत विमान उडाले. पेडण्याच्या पदवीधराची पुण्याची वाट मात्र सुटली नाही.

16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाचा पक्ष 34,021 मतांनी हरला. महाराष्ट्रात गेलात तर बाहेरचे लोक तुमच्या नोकऱ्या नेतील, हा बागुलबुवा तेव्हा उभा केला होता. आज नोकऱ्या येथे येत नाहीत, मुलेच त्यांच्यामागे जातात. गोव्याचे विलीनीकरण झाले नाही. गोव्याच्या तरुणांचे मात्र रोज रात्रीच्या बसने एकेकट्याने होत आहे, आणि त्यासाठी कोणी कौल घेत नाही!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सरकारी जमीन व सवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने येथील अभियंत्यांचे वेतन जाहीर करावे, आणि काम पुण्याचे असेल तर दामही पुण्याचेच द्यावे. फोंडेकरांनो, मत मागावयास येणाऱ्यापुढे हा हिशेबाचा कागद ठेवा.