आर्चबिशपांचे पत्र आणि कुलूपबंद कपाटे

अनर्थ घडून गेल्यावर ‘आम्हांस याची कल्पना नव्हती’ असे सांगण्याची सोय राज्यकर्त्यांना नेहमीच हवी असते. ही सोय हिरावून घेण्याचे सामर्थ्य पुष्कळदा एखाद्या साध्या पत्रात असते. मात्र ते पत्र जपले गेले पाहिजे आणि लोकांना वाचावयास मिळाले पाहिजे. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या चिमुकल्या देशाचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या पत्रव्यवहाराचे मोल या दृष्टीने जोखले पाहिजे.

१९७७ च्या फेब्रुवारीत रोमेरो यांनी पदभार स्वीकारला, तेव्हा हा सौम्य, परंपरानिष्ठ धर्मगुरू आपणांस उपद्रव देणार नाही, अशीच तेथील धनिकांची अटकळ होती. महिनाही लोटला नाही तोच त्यांचे स्नेही फादर रुतिलिओ ग्रांदे यांची हत्या झाली. रोमेरो यांनी अध्यक्ष मोलिना यांच्याकडे लेखी मागणी केली : चौकशी करा, तोवर सरकारी समारंभांत मी दिसणार नाही. चौकशी झाली नाही. रोमेरो यांनीही शब्द मोडला नाही.

१७ फेब्रुवारी १९८० रोजी त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना पत्र लिहिले आणि ते भर उपासनेत लोकांना वाचून दाखविले. आदल्या वर्षी अमेरिकेने पुरविलेल्या वायुरोधक मुखवट्यांनी व गोळीरोधक जाकिटांनी सज्ज झालेली सुरक्षादले जनतेवर अधिकच क्रूरपणे तुटून पडली, हे त्यांनी निदर्शनास आणले आणि लष्करी मदत थांबविण्याची विनंती केली. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्या सहीने सभ्य शब्दांत उत्तर आले. धोरण मात्र बदलले नाही. २४ मार्च रोजी प्रार्थनामंदिरात वेदीपाशीच रोमेरो यांना गोळी घालण्यात आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ५७ लाख डॉलरच्या लष्करी साहाय्याचा मार्ग अमेरिकन काँग्रेसमध्ये मोकळा झाला. १९९२ पर्यंत चाललेल्या यादवीत सुमारे ७५ हजार माणसे मेली. इशारा मिळाला नव्हता, असे आता कोणीही म्हणू शकत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने मार्च १९९३ मध्ये या हत्येच्या आदेशाची जबाबदारी मेजर रॉबर्तो दाब्युइसाँ यांच्यावर ठेवली. ते त्यापूर्वीच निवर्तले होते. आणि अहवालानंतर अवघ्या पाच दिवसांत विधिमंडळाने सर्वांना माफी देणारा कायदा संमत केला. तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला २०१६ मध्ये. म्हणजे तेवीस वर्षे पुराव्याची खरी राखण केली ती कागदांनी.

म्हणूनच २०१३ मधील घटना अस्वस्थ करते. पीडितांच्या हजारो जबान्या जपणारे आर्चबिशपांच्या धर्मप्रांताचे कायदेसाहाय्य कार्यालय त्या वर्षी चर्चनेच अचानक बंद केले. साक्षीदारांच्या सुरक्षिततेसाठी काही कागद गुप्त ठेवणे रास्त आहे, यात शंका नाही. परंतु गुप्तता पीडितांच्या रक्षणासाठी असते, अपराध्यांच्या आश्रयासाठी नव्हे. आणि ती किती काळ राखावी, हे किल्ली ज्याच्या हाती आहे त्याने एकट्याने ठरविणे न्यायाचे नव्हे.

२०१८ मध्ये रोम येथे रोमेरो यांना संतपद बहाल झाले. हा गौरव यथोचितच आहे. तथापि संताची तसबीर भिंतीवर लावणे सोपे असते; त्याची कपाटे उघडी ठेवणे अवघड. कचेरीतला साधा कारकूनही जावक क्रमांक टाकल्यावाचून पत्र पाठवीत नाही, कारण उद्या कोणी ‘पत्र मिळालेच नाही’ म्हणेल हे तो ओळखून असतो. राष्ट्रांच्या आणि धर्मपीठांच्या दप्तरांनाही याहून निराळा नियम असण्याचे कारण नाही.