गाडी स्लोला टिकत नाही : आधी तपास, मग स्क्रू

जुनी मोटार सिग्नलवर बंद पडू लागली की मालक ती मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री बॉनेट उघडतो आणि त्याचा पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूवर जातो. आमचे म्हणणे असे की निम्मे नुकसान इथेच होते. स्क्रू फिरवल्याने आवाज तात्पुरता सुधारतो, मालक दोनशे रुपये देऊन निघतो आणि आठ दिवसांत पंचशील चौकात पुन्हा तीच गत. मग सल्ला मिळतो, नवा कार्बोरेटर टाका.

हा विषय कुणाला जुनाट वाटेल. १ एप्रिल २००० रोजी प्रदूषणाचे नवे नियम देशभर लागू झाले आणि नव्या कारमधून कार्बोरेटर हळूहळू गेला. अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली उत्तरपाड्यात थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. तरी रामदासपेठेच्या जुन्या बंगल्यांत एखादी पद्मिनी, एखादी मारुती ८०० अजून कापडाखाली उभी असते, आणि आमच्यासारख्या कापडवाल्याच्या दारात जुनी ओम्नी असते. आमची १९९७ ची आहे. तिच्यात तागे जितके मावतात तितके नव्या छोट्या गाडीत मावत नाहीत, म्हणून ती आम्ही विकत नाही. पंधरा वर्षांवरील कारच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली. फी भरून गाडी ठेवायची तर ती धड चाललीही पाहिजे.

आता मूळ गोष्ट. पाय पेडलवरून उचलला की थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद होते. इंजिन त्या वेळी फार थोडे पेट्रोल घेते, आणि तेही केसासारख्या बारीक छिद्राच्या स्लो जेटमधून. चकतीच्या खाली मॅनिफोल्डमध्ये मात्र हवेची ओढ सर्वांत जास्त असते. म्हणून तिथे कुठूनही जराशी चोरटी हवा शिरली की मिश्रण पातळ होते आणि इंजिन थरथरते. गाडी पळताना हाच दोष जाणवत नाही, कारण तेव्हा हवा आणि पेट्रोल दोन्ही भरपूर असतात. ज्या मिस्त्रीला ही एक गोष्ट उमजली त्याचा निम्मा तपास झाला.

कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी करंट पाहावा. प्लग काढून रंग बघावा. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, आणि एकच प्लग वेगळा दिसत असेल तर रोग त्या एका सिलिंडरात आहे. पॉइंटची गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. चालू इंजिनावर प्लगची एकेक वायर इन्सुलेटेड पकडीने काढावी. जी काढल्याने आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाही. टॅपेटची गॅपही याच वेळी बघून घ्यावी. फार घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटते. तेव्हा कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही.

मग चोरटी हवा. व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या एकेक करून पकडीने दाबाव्यात. ब्रेक बूस्टर असेल तर त्याचीही, आणि डिस्ट्रिब्युटरच्या डायफ्रामची तर नक्कीच. एखादी दाबताच आवाज सुधारला तर चोर सापडला. कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटवर छोट्या बाटलीने पाण्याचा फवारा मारावा. आवाज बदलला तर तिथून हवा येते आहे. काही मिस्त्री यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या सायलेन्सरच्या मॅनिफोल्डशेजारी पेट्रोल शिंपडणे हा हुनर नव्हे, हे आम्ही स्पष्ट लिहितो. पाणीही करंटवर आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर पडू देऊ नये.

यानंतर कार्बोरेटर. पेडल सोडताच गाडी झटक्यात बंद होत असेल तर आधी स्लो जेटचा सोलेनॉइड ऐकावा. ज्या गाडीत तो आहे, तिथे चावी फिरवताच ‘टिक’ असा आवाज आला पाहिजे. न आल्यास बहुधा वायर सैल असते, आणि पाच मिनिटांच्या कामासाठी पाच हजारांचा कार्बोरेटर विकला जातो. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर धूर व पेट्रोलचा वास, तर चोक पुरता उघडत नाही किंवा फ्लोटची सुई गळते आहे. स्लो जेट हवेने फुंकून साफ करावा, लोखंडी तार घालू नये. तारेने छिद्र मोठे होते आणि मग ती गाडी पेट्रोल पितच राहते. थ्रॉटलची शाफ्ट हलवून पाहावी. ती खडखडत असेल तर तिथूनही हवा येते आणि बुश बदलण्यावाचून इलाज नाही.

मिक्स्चरचा स्क्रू सर्वांत शेवटी. तो हलक्या हाताने आत बसवून किती आटे होते ते मोजून लिहावे. जोराने आवळला तर टोकाला खाच पडते आणि पुढे तो कधीच नीट बसत नाही. मग इंजिन गरम असताना जिथे आवाज सर्वांत सरळ, तिथे ठेवावा. थ्रॉटलचा स्क्रू आवळून आयडल चढवणे म्हणजे दोष झाकणे. पेट्रोल वाढते, आणि कधी कधी चावी काढल्यावरही इंजिन काही क्षण धडधडत राहते. पीयूसीच्या दिवशी मिश्रण पातळ करून दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडणे हाही प्रकार आम्ही पाहिला आहे. या जुन्या कारना आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के मर्यादा आहे. जिचे करंट आणि गॅस्केट ठीक आहेत, ती गाडी सहसा या उठाठेवीशिवाय पास होते.

आता नवे दुखणे पेट्रोलचे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पसरले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेच जेट, तोच स्क्रू असताना मिश्रण पातळ पडते. इंजेक्शनच्या गाडीला सेन्सर असतो, तो हिशोब जमवून घेतो. कार्बोरेटरला डोळे नाहीत. शिवाय इथेनॉल जुने रबर फुगवते, टाकीतला साचलेला गाळ सोडवून जेटपर्यंत आणते आणि हवेतला ओलावा धरते. म्हणून फिल्टर वेळेवर, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटचे भांडे रिकामे. नागपूरच्या मे महिन्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते तो प्रकार निराळा, त्यात स्क्रूचा काही दोष नाही.

एवढे सगळे पाहायला तास-दीड तास लागतो, आणि आमच्या मते खरी अडचण इथे आहे. या तासाचा मेहनताना द्यायला गिऱ्हाईक तयार नाही. तो विचारतो, बदलले काय? काहीच बदलले नाही म्हटले की पन्नासाची नोट पुढे करतो. याच रामदासपेठेत डॉक्टर तपासणीची फी घेतात, तेव्हा कोणता पार्ट बदलला असे कुणी विचारत नाही. आमच्या धंद्यात रफूगाराचे काम जितके उत्तम तितके ते दिसत नाही, पैसे मात्र त्याचेच जास्त. मिस्त्रीला तपासाचे पैसे मिळत नाहीत म्हणून तो सामान विकतो. इमानदार माणसालाही आपण त्या वाटेला लावतो.

मिस्त्री मंडळींनाही दोन शब्द. उस्ताद लोक शागिर्दाला आवाज ऐकायला शिकवत, पण कारण सांगत नसत. एप्रिल २०२० नंतर नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर बहुतेक गेला. आज मुले स्कॅनर लावायला शिकतात, ते योग्यच आहे. पण ज्यांना कार्बोरेटर येतो त्यांचे वय झाले आहे आणि त्यांच्याकडे कागदावर काही नाही. जुन्या गाड्या हौसेने ठेवणारे लोक पैसे मोजतात. ते काम ज्याच्याकडे लिहिलेला हिशोब आणि सांगण्यासारखे कारण असेल त्याच्याकडे जाईल. म्हणून गॅरेजात तपासाची फी पाटीवर लिहून लावावी. पुढे काम निघाले तर ती बिलातून वजा करावी, न निघाले तर पूर्ण घ्यावी. जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा. बिलाच्या मागे पॉइंटची गॅप, प्लगचा रंग आणि स्क्रूचे आटे लिहावेत, आणि मालकाने ते बिल गाडीच्या कागदांतच ठेवावे. पुढच्या वेळी दुसरा मिस्त्री असला तरी त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.