श्रम अनेकांचे, पारितोषिक मोजक्यांचे

छावणीलगतच्या नागसेनवनात बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते ज्ञानाची मक्तेदारी मोडण्यासाठी. संगणकाच्या क्षेत्रात ही मक्तेदारी मोडण्याचे काम मुक्त सॉफ्टवेअरने केले आहे. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ स्पर्धेत विद्यार्थी ३६ तासांत वेब-ॲप उभे करतात. हे शक्य होते, कारण लॉगिन, नकाशे, आलेख यांचे तयार भाग इतरांनी लिहून मोफत खुले केलेले असतात.

असे भाग वापरण्यात गैर काही नाही. उत्पादन सामाजिकच असते. गैर आहे ती वाटणी. जोडणाऱ्याला पारितोषिक, कंपन्यांना नफा आणि घडविणारा बहुधा बिनपगारी व अनामिक! याची किंमत अखेर समाज मोजतो. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ दोष उघडकीस आला, तेव्हा असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्यावर विसंबून होती त्या ‘ओपनएसएसएल’ला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’तील दोषाने जगभरचे सर्व्हर धोक्यात आणले, तो भागही स्वयंसेवकच सांभाळत होते.

विहीर गावाची असेल, तर गाळ काढण्याचा खर्चही गावाचाच असला पाहिजे. जर्मनीने २०२२ साली त्यासाठी सरकारी निधी उभारला. आपल्याकडेही तो उभारावा. स्पर्धेत वापरलेल्या प्रत्येक भागाची व त्याच्या कर्त्याची नोंद सक्तीची करावी. जुना भाग दुरुस्त करणाऱ्यालाही पारितोषिक द्यावे. ही मागणी कार्यकर्त्यांनी महाविद्यालया-महाविद्यालयांतून मांडली पाहिजे.