‘तलाव चेंडू’ हा कुठला खेळ हो?

परवा एसटी स्टँडसमोर चहा घेत होतो. ओळखीच्या एका काकांनी मोबाईल पुढं केला. "पत्रकार, हे वाचा बरं. नातू दिवसभर हेच खेळतंय." मोबाईल मराठीत केलेला. गेमचं नाव ‘तलाव चेंडू’. काकांना वाटलं पोहण्याचं काहीतरी असेल. खरं सांगतो, मलाही कळेना. उघडून बघितलं तेव्हा उजेड पडला. पूल! टेबलावरचे गोळे काठीनं ढकलून भोकात घालायचा खेळ.

यंत्राला पूल म्हणजे तलाव एवढंच ठाऊक. त्याच न्यायानं तीन सारखे दागिने जुळवायच्या ‘मॅच थ्री’चं होणार ‘सामना तीन’, आणि बबल शूटरचा ‘बुडबुडा नेमबाज’. नेमबाज म्हटलं की आपल्याला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे आठवतो. इथं रंगीत फुगे फोडायचे असतात!

नाव बदलायला माझा विरोध नाही. गावाचं नाव बदलण्यात तर धाराशिवकर अनुभवी आहेत. खेळांचंही तसंच. आपल्याकडचा मोक्षपट (ज्ञानेश्वरांनी केला असं परंपरा सांगते) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जाऊन ‘स्नेक्स अँड लॅडर्स’ झाला. परत आला तो सापशिडी होऊन. मोक्ष वाटेत कुठंतरी सांडला, पण चार वर्षांच्या लेकरालाही नाव ऐकून खेळ कळतो. विटीदांडू, लंगडी, सूरपारंब्या ही नावं खेळणाऱ्यांनी ठेवलेली. आणि जिथं भाषांतराची गरजच नाही तिथं करू नये. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, परदेशी संघही ‘खो-खो’च खेळून गेले. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळेला 2020 सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला तोही खो-खोसाठीच, ‘पाठशिवणी’साठी नाही.

हसण्यावारी नेलं असतं, पण काकांचा पुढचा प्रश्न होता, "ह्यात पैसे लागतात का हो?" पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं केला. तरी घरातल्या मोठ्या माणसाला लेकरू काय खेळतंय ते कळायला नको? इंग्रजी नाव असतं तर शोधून दोन मिनिटांत सांगितलं असतं. ‘तलाव चेंडू’ शोधलं तर आपल्या भागातल्या साठवण तलावांच्या बातम्या आल्या, त्यातल्या दोन मीच लिहिलेल्या. त्या नावानं तो गेम जगात कुणीच ओळखत नाही, शोधणार कसा?

ज्यांना मराठी माणसांच्या मोबाईलवर धंदा करायचाय, त्यांनी नाव ठेवण्याआधी एखाद्या मराठी पोराला गेम खेळायला द्यावा आणि विचारावं, "याला काय म्हणशील?" खर्च एका चहाचा.

काकांनी शेवटी नातवाकडूनच मोबाईल पुन्हा इंग्रजीत करून घेतला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. आता नातू सांगेल तेच गेमचं नाव.