मिश्र इंधनाचा भार कोणी वाहावा?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग भारतात २००१ साली सुरू झाला, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत मिरज व मनमाड यांचा समावेश होता. २००३ मध्ये या प्रयोगाला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप आले. मिश्रणाचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. परकीय चलनाची बचत आणि ऊस उत्पादकाला हमखास बाजारपेठ ही या धोरणाची उद्दिष्टे रास्तच आहेत. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला ती पटवून देण्याची गरज नाही. तथापि, धोरणाचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा प्रश्न टाळता येत नाही.

मोटारींविषयी चर्चा पुष्कळ झाली. त्या चर्चेबाहेर राहिली ती गवत कापणारी आणि फवारणी करणारी छोटी टू-स्ट्रोक यंत्रे. या इंजिनांत वंगणाची स्वतंत्र व्यवस्था बहुधा नसते. पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागते. पन्नासास एक हे प्रमाण धरले, तर लिटरला २० मिलिलिटर. इथेनॉल ओलावा शोषून घेते. पाण्याचा अंश मर्यादेपलीकडे गेला, की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसतात. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. इंजिनाने तळाचा थर ओढला, तर वंगणाअभावी पिस्टन जाम होतो. हा धोका रोज चालणाऱ्या यंत्राला कमी आणि हंगामापुरते चालून महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या यंत्राला अधिक. कोकणातील दमट हवेत पडून राहणारे छोट्या बागायतदाराचे यंत्र नेमके याच दुसऱ्या वर्गात मोडते.

अमेरिकेत पंपावरील बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते. तेथे अशा यंत्रांसाठी इथेनॉलविरहित, तेल आधीच मिसळलेले इंधन सीलबंद डब्यांत मिळते. त्याची किंमत पंपावरील दराच्या कित्येक पट असते. पण वर्षाकाठी चार-सहा लिटर जाळणाऱ्याला ते कार्बुरेटरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. शिवाय १५ टक्के मिश्रणाचे इंधन छोट्या यंत्रांत वापरण्यास तेथे मनाई असून, तशी सूचना पंपावर लावण्याचे बंधन २०११ मध्ये घालण्यात आले. म्हणजे जे प्रमाण तेथे या यंत्रांना वर्ज्य ठरले, त्याहून अधिक प्रमाण येथे सर्वांना सरसकट लागू झाले आहे.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या वाहनांसाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे, असे सुचविले होते. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. निर्णयाची जबाबदारी त्यामुळे सरकार आणि तेल कंपन्या यांच्यावरच येऊन पडते.

ही मागणी मूळ धोरणाच्या विरोधात नाही. देशातील एकूण पेट्रोलच्या खपात या यंत्रांचा वाटा नगण्य आहे. त्यांना सवलत दिल्याने आयातीचे गणित बिघडणार नाही. तेलमिश्रित इंधनाची व्यवस्थाही येथे नवी नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्लीत सुट्या टू-स्ट्रोक तेलाची विक्री बंद होऊन पंपावरच मिश्रण देण्याचे बंधन आले होते. नागरिकांच्या फुप्फुसांसाठी जे शक्य झाले, ते शेतकऱ्याच्या अवजारासाठी अशक्य का मानावे? तालुक्याच्या ठिकाणी खते-औषधे विकणाऱ्या सहकारी संस्थांतून असे इंधन सीलबंद डब्यांत, वाजवी दराने मिळू शकेल.

तोपर्यंत लागेल तेवढेच मिश्रण करणे आणि हंगाम संपताच टाकी व कार्बुरेटर रिकामा करणे, एवढेच यंत्रमालकाच्या हाती उरते. पण सावधगिरी हा धोरणाला पर्याय नव्हे. राष्ट्राची बचत सर्वांची असेल, तर तिची किंमत एकट्या छोट्या यंत्रमालकाच्या दुरुस्तीखर्चातून वसूल होणे न्याय्य ठरत नाही.