शैथिल्यालाही शक्ती लागते

पिंडिकोद्वेष्टनाचा रुग्ण आला की वातशमनासाठी तैल देऊन आपण मोकळे होतो. आमचा आक्षेप तैलाला नाही, चौकशी टाळण्याला आहे. मांसतंतूत कॅल्शियम मोकळे झाले की मायोसिनची शीर्षे ॲक्टिनचे तंतू ओढतात. ती शीर्षे सुटण्यास आणि कॅल्शियम पुन्हा साठ्यात भरण्यास एटीपी लागते; मरणोत्तर ताठरता येते ती एटीपी संपल्यामुळेच. मग मूत्रल औषधांनी पोटॅशियम वा मॅग्नेशियम घटलेल्या रुग्णास नुसते अभ्यंग कितपत पुरणार? औषधालयचालक बंधूंनीही, पायांत गोळे येतात म्हणताच, कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली पुढे करू नये. चालू औषधे आधी विचारावीत; विशेषतः रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची.